समुद्रावरून परतलेला धूर

विनिताने पडद्यावरचं चित्र आणखी मोठं केलं. काशीमीऱ्यामागच्या डोंगरातून निघालेली करडी रेघ राई गावावरून थेट समुद्रात शिरली होती.

तिचं कामच ते. उपग्रहाच्या चित्रांवरून वणव्यांचा धूर कुठून कुठे जातो ते शोधायचं. एरवी ओडिशा, उत्तराखंड. आज मात्र तिने स्वतःचं गाव उघडलं होतं, आणि तारीख निवडली होती गेल्या मार्चमधली, बाबा गेले ती.

त्या संध्याकाळी घरात धूर कोंडला. बाबा, आत्माराम, दमेकरी; दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. वारा पश्चिमेचा, आणि त्याच बाजूला, कुंपणापलीकडे, नाथाकाकांचं शेत. भाताची रोपं लावायच्या जागेवर पालापाचोळा जाळून ते दरवर्षी तिथे राब भाजायचे. धूर त्याचाच, असं धरून विनिताच्या आईने, पुष्पलताने, तेव्हापासून या दिराशी बोलणं टाकलं होतं.

विनिताने दुपारचं चित्र उघडलं. धूर उत्तनच्या पुढे, पाण्यावर पसरलेला. त्यानंतरच्या चित्रात तो किनाऱ्याकडे सरकला होता. ती खुर्चीत ताठ बसली. सकाळच्या वाऱ्याने नेलेला वणव्याचा धूर संध्याकाळच्या समुद्रवाऱ्याने परत आणला होता.

काकांच्या शेतावर आगीची खूण नव्हती. पण एवढीशी आग चित्रात दिसतही नाही. म्हणून ती विचारायलाच गेली.

नाथाकाका पडवळाच्या वेलाला मांडव बांधत होते.

"काका, बाबा गेले त्या दिवशी तुम्ही राब भाजला होता?"

"न्हाय. त्या साली दादाचा दमा वाढला, तवाच भाजनी सोडली."

"मग आईला सांगितलं का नाही?"

काकांनी सुतळीची गाठ आवळली.

"तिला कोनावर तरी रागवायचं व्हतं, पोरी. मी जवल हाय."

घरी येऊन विनिताने आईसमोर लॅपटॉप ठेवला आणि एकेक चित्र पुढे सरकवलं. पुष्पलताने तांदूळ पाखडायचं सूप बाजूला केलं.

"ह्यो धूर दर्यावरशी मागारी आला?"

"हो."

"परत दाखव."

विनिताने दाखवलं. आईने पाण्यावरच्या करड्या डागापाशी बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"दुपारभर हितं व्हता. तवा तुजा बाबा झोपलेला." मग तिने विचारलं, "आनि नाथानं राब भाजलाच न्हवता?"

"नाही."

"तो बोलला तुला?"

"मी विचारलं म्हणून."

 पुष्पलता उठली, मागचं दार उघडून कुंपणापाशी गेली आणि हाक मारली.

"भावजी!"

नाथाकाका पलीकडे येऊन उभे राहिले.  पुष्पलता म्हणाली,

"हिकडं या जरा. पोरीकडं एक चित्र हाय, ते बघा."