अजून एक आइतवार

ओळखलं नाही ना मला? मी टीव्ही. अंगात रंगबिंग काही नाही, नुसता काळा अन् पांढरा. लाकडाची पेटी, पुढं सरकणारी दोन दारं, खाली चार बारीक पाय. बोलणं हाच माझा धंदा होता म्हणा, पण ते सारं दुसऱ्यांचं बोलणं. स्वतःचं आज पहिल्यांदाच बोलतोय, तर ऐकून घ्या.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. शुद्ध आली ती हिंगणघाटच्या एका दुकानात. समोर लक्ष्मणराव उभे होते. जिनिंगमध्ये कापूस रिकामा करून ते थेट तिथं आले होते. मिशीतसुद्धा कापूस अडकलेला.

"हा मराठी बोलते का हिंदी?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"जे येईन ते बोलते, पाटील. ऐकत मात्र कोणाचंच नाई."

"मंग आमच्या घरी जमते त्याचं," लक्ष्मणराव म्हणाले, अन् मी त्यांचा झालो.

बैलांच्या बंडीत गोधड्या अंथरल्या, त्यात मला ठेवलं. जामच्या फाट्यावरून गिरडच्या बाजूला वळलो, तिथून आत त्यांचं गाव. वाटभर लक्ष्मणरावांचा हात माझ्या पाठीवर होता. घरी लीलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, मला ओवाळलं अन् काचेला कुकू लावलं. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, मला जागा मिळाली. छपराच्या कवेलूवर बांबू उभा करून त्याला अँटिना बांधला. वारा सुटला की माझ्या तोंडावर मुंग्याच मुंग्या. मग कोणीतरी वर चढायचं, खालून सारी सपरी ओरडायची, "आला, आला! गेला! जराक माघारी फिरव!"

पहिल्याच संध्याकाळी बातम्या सांगणारा माणूस दिसला अन् लीलाबाईंनी डोक्यावरून पदर ओढला.

"अवो, हा मेला माह्याकडंच पाहून राह्यला!"

"तो साऱ्या देशाकडं पाहून राह्यला," लक्ष्मणराव म्हणाले.

"देशाकडं पाहू दे. पण मी पोया करता करता उठून आली ना!"

दुसऱ्या दिवसापासून बातम्यांच्या आधी त्या केस विंचरून बसू लागल्या.

माझं खरं नशीब उघडलं ते आइतवारच्या गोष्टीनं. हिंदीतली गोष्ट होती. गोमती नावाची एक सून, तिचा नवरा परदेशी गेलेला, परत न आलेला. आपल्याकडं हिंदी कोणाला कळत नाही? गावच्या बाया आइतवारी सकाळी चुली लवकर उरकायच्या अन् चपला बाहेर काढून सपरीत बसायच्या. गोमतीला सासू टाकून बोलली की तानाबाई काचेपुढं बोट नाचवायची, "थांब वो बुढे, तुहे दिवस भरले!" तानाबाई स्वतः बुढी, अन् तिनं स्वतः दोन सुनांना जेरीस आणलेलं. पण ते वेगळं.

एका आइतवारी गोमतीचा सासरा मेला. गोष्ट संपली, अन् बाया उठून थेट विहिरीवर. साऱ्यांनी डोक्यावरून आंघोळी केल्या.

"अवो, तो नट हाये, पैसे घेऊन मरते!" लक्ष्मणराव हसून हसून बेजार.

"पैसे घेऊन मेला तरी मेला ना," तानाबाई ओल्या केसांनी म्हणाली. "आपल्या डोयासमोर मेला. आंग धुवा लागते."

मी पण हसलो असतो, मला हसता आलं असतं तर. हे अंगाशी येईल असं तेव्हा कोणाला वाटलं नाही.

त्या बायांत, खांबाला टेकून, एक रुख्मिणी बसायची. शेजारच्या देवकाबाईची सून. तिचा नवरा चंद्रभान, लग्नाची हळद उतरली नव्हती तेव्हा जामवरून एका ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. हैदराबादकडं. ट्रक परत आला, तो आला नाही. ड्रायव्हर म्हणाला, आदिलाबादच्या अलीकडं चहाला उतरला, मग दिसलाच नाही. त्याला बारा वर्षं होत आली होती. रुख्मिणी सासूसोबत वावरात निंदायला जायची, सासूसोबत जेवायची, अन् कपाळावर कुकू भरून लावायची. गोमती रडली की बाकीच्या बाया रडायच्या. ती रडायची नाही. ती पुढं सरकून बसायची, अभ्यासाला बसल्यासारखी.

मग तो आइतवार आला. गोमतीच्या सासूच्या स्वप्नात लेक आला. अंगणात उभा, हात पसरून म्हणे, माँ, भूख लगी है. पंडित म्हणाला, बारा वर्षं झाली. आता तो जिवंत नाही, पिंडासाठी भटकतोय. मग पळसाच्या पानांचा माणूस केला. त्याला जाळला. गोमतीच्या बांगड्या दगडावर ठेवल्या, अन् तिथंच त्या दिवशीची गोष्ट संपली.

या वेळी विहिरीवर कोणी गेलं नाही. देवकाबाई पदर तोंडात कोंबून बसली होती.

"माहाही असाच उपाशी फिरत असन," ती म्हणाली. "पितरपाटात साऱ्याईच्या नावानं घास ठेवते मी. त्याच्या नावानं नाई ठेवत. काऊन? तं ही म्हणते तो जिता हाये."

"बारा वर्ष म्हणजे झालंच आता," तानाबाई म्हणाली. "टीव्हीवाले का शास्तर पाह्यल्याबिगर दाखवतीन? बुधवारी अवस हाये. करून टाक, देवका. पोराचा आत्मा तरी सुटन."

तेव्हा रुख्मिणी बोलली. माझ्यापुढं ती पहिल्यांदाच बोलत होती.

"आत्याबाई, अजून एक आइतवार थांबा."

"कायले?"

"तिचं का होते ते पाहू द्या. तिचा नाई आला, तं माह्यं करा. मी काई म्हणणार नाई."

देवकाबाई फाटकन उठली. "टीव्हीतल्या खेयावर भरोसा ठेवून कुकू लावतं का तू? माह्यं लेकरू तिकडं भुकेलं, अन् तुले गोष्ट पुरी पाहाची हाये?"

"अवस टळली तं महिना गेला," तानाबाई म्हणाली.

रुख्मिणीनं लीलाबाईंकडं पाहिलं. "काकू, तुमी तरी सांगा."

लीलाबाई माझी दारं ओढत होत्या. "मी का सांगू माय? तुमच्या घरचं ते." दोन्ही दारं माझ्या तोंडावर बंद झाली. पुढं अंगणात काय बोलणं झालं, मला नीट ऐकू आलं नाही. रुख्मिणीचं तेच एक वाक्य दोन-तीनदा ऐकू आलं, एवढं खरं.

बुधवारचं मी पाहिलं नाही. माझ्यापुढं बसून बाया बोलल्या, तेवढंच मला माहीत. नाल्याच्या काठी पळसाची पानं दोऱ्यानं बांधून माणूस केला. हात, पाय, पोट, सारं केलं. तोंड कसं करावं कळेना. चंद्रभानचा फोटो कोणाजवळच नव्हता. नारळ ठेवला डोक्याच्या जागी. देवकाबाईनं त्याच्या नावानं पिंड ठेवला. कावळा झटकन शिवला. "पाह्य, कसा भुकेला होता," असं म्हणत ती तिथं बसून रडली. मग रुख्मिणीच्या बांगड्या फोडल्या. कुकू तानाबाईनं पुसलं.

अन् मग आइतवार आला.

सपरी भरलेली. रुख्मिणी पण आली. का आली, मला विचारू नका. खांबाजवळ बसली, मोकळ्या कपाळानं. वारा नव्हता, चित्र अगदी स्वच्छ होतं. दगडावर बांगड्या, वर उचललेला हात, अन् दारातून आवाज आला. दाढी वाढलेला, खांद्यावर पोतडी. गोमतीचा नवरा.

मी पुष्कळ आवाज ऐकले, पण त्या दिवशी सपरीतून जो आवाज उठला तसा नाही. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तानाबाई टाळ्या पिटत होती, "आला वो माय, आला! जिता आला!" कोणी म्हणालं साखर वाटा. लीलाबाईंनी साखर आणली, कुकवाचा करंडा पण आणला, अन् आनंदाच्या भरात ओळीनं एकेकीच्या कपाळाला बोट लावत निघाल्या. हिला, तिला, तानाबाईच्या सुनांना. खांबापाशी बोट आलं अन् थांबलं. क्षणभर थांबलं. मग पुढच्या बाईकडं गेलं.

माझ्या काचेवर तो माणूस आईजवळ बसला होता. म्हणाला, माँ, भूख लगी है. आईनं ताट वाढलं. तो खाऊ लागला.

देवकाबाई उभी राहिली. साखरेची मूठ तशीच होती.

"म्या जित्याले पिंड देला का वो?" ती म्हणाली. "कोणी सांगा ना वो. जित्याले देला का?"

टाळ्या थांबल्या.

ती भटजींकडं गेली, असं मग कळलं. उलटं करता येते का विचारलं. ते म्हणाले, करता येते, पण माणूस समोर येऊन उभा राहिला पाहिजे. टीव्हीतला उभा राहून चालत नाही. देवकाबाईनं त्या दिवसापासून दोन घास केले. एक मेलेल्या लेकासाठी कौलावर, एक जित्या लेकासाठी ताटात झाकून. ताटातला रोज सकाळी गाईला जायचा. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. शेवटीशेवटी चंद्रभानचं नाक कसं होतं यावरून सून-सासूचं भांडण व्हायचं. दोघींनाही आठवत नव्हतं.

एकदा रुख्मिणी भर दुपारी आली. लीलाबाई वावरात होत्या. तिनं माझी दारं सरकवली, बटण फिरवलं. दुपारी कुठलं चित्र? नुसत्या मुंग्या अन् खरखर. ती काचेला तोंड लावून म्हणाली, "कोठी होता तो इतके वर्ष? सांगतलं का त्यानं? आमी टाया वाजवून राह्यलो होतो, मले ऐकू नाई आलं."

त्यानं सांगितलं होतं. साऱ्या सपरीत मी ते मोठ्यानं बोललो होतो. पण आलेलं बोलणं माझ्यात राहत नाही. आलं तसं जातं. ती बराच वेळ खरखर ऐकत बसली, मग बटण बंद करून, दारं लावून गेली.

गोमतीची गोष्ट सरली, दुसरी सुरू झाली. बाया तिच्यासाठी रडू लागल्या. गोमती कोण, ते वर्षभरात कोणाला आठवेना. माझंही चित्र आक्रसत गेलं. माणसं काळी पडू लागली. लक्ष्मणरावांनी रंगीत टीव्ही आणला. लीलाबाईंनी त्यालाही ओवाळलं. मला न्हाणीजवळ ठेवलं, माझ्यावर ओली लुगडी वाळत पडायची. तक्रार नाही. एकच मागणं होतं माझं, ते तुम्हालाच सांगतो: माझ्यापुढं हसा, रडा, पाहिजे तर आंघोळी करा. पण उठून घरी गेल्यावर कोणाच्या कपाळाला हात लावायचा असेल, तर तो माझ्या भरवशावर लावू नका. पुढच्या आइतवारी काय होणार, ते मला कधीच ठाऊक नसतं.

काल भंगारवाला आला. मला बंडीत टाकलं, या वेळी गोधडी नव्हती. बंडी देवकाबाईच्या दारावरून निघाली. रुख्मिणी ओट्यावर तूर पाखडत बसली होती. एका चाकाचा आवाज फार मोठा होत होता, कुत्रीसुद्धा मागं लागली होती.

तिनं वर पाहिलं नाही. रस्त्यानं काही जावो, कोणी येवो, ती आता वर पाहत नाही.