पिस्तुलाला हरकत

मी दवाखान्याच्या अपघात विभागात नर्स आहे. गोळी लागलेले पुरुष आमच्याकडे बहुतेक रस्त्यावरून येतात, बायका घरातून. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे. तो ते कधी कुणावर रोखत नाही. फक्त घरात काही वाद निघाला, की कमरेचं काढून जेवणाच्या टेबलावर ठेवतो, पाण्याच्या तांब्याशेजारी. मग धाकटी गप्प होते. पोलीस ठाण्यात हे सांगितलं, तर साहेब म्हणाले, कमरेला टोचत असेल, जेवताना माणूस काढणारच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परवान्याचं नूतनीकरण आलं होतं. त्याआधी हवालदार घरी येऊन घरच्यांना हरकत विचारतो. बायकोने हरकत घेतली, तर चौकशी होईपर्यंत पिस्तूल ठाण्यात जमा होतं. मी धाकटीला आठवडाभर पढवलं, बाकी काही बोलू नकोस, 'हरकत आहे' एवढंच म्हण. 'म्हणते,' म्हणाली.

हवालदार येणार त्या दिवशी मी मुद्दाम तिच्याकडे जाऊन बसले. नंबर तपासायला पिस्तूल टेबलावर काढलेलं. कुठल्या कंपनीचं, वजन किती, हवालदाराचं आणि तिच्या नवऱ्याचं असं कौतुक चाललेलं, जसं काही घरात बाळ जन्मलंय. हवालदाराने तिच्या सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, पुरुषाच्या घरात असायलाच हवं. मी न विचारताच म्हटलं, माझी हरकत आहे. हवालदार हसला. ताई, तुम्ही या घरच्या नाही, म्हणाला.

एवढ्यात धाकटी चहा घेऊन आली. ट्रेला जागा व्हावी म्हणून नवऱ्याने पिस्तूल जरासं सरकवलं. तिच्याच बाजूला.

"वहिनी, तुमची काही हरकत?" कप उचलता उचलता हवालदाराने विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तुझ्यासाठी कुणाकुणाच्या पाया पडले, सगळं पाण्यात घातलंस. ती खाली मान घालून भांडी विसळत होती.

"ताई, हवालदार चहा पिऊन जाणार," ती हळूच म्हणाली. "थोड्या वेळाने तूही जाशील."

माझी दुपारची ड्यूटी होती. मी गेले.