रिकाम्या डोक्यावरची चुंबळ

मी एक चुंबळ आहे. डोक्यावर घागर, पाटी नाहीतर उसाची मोळी घेताना बायका जुन्या लुगड्याला पीळ देऊन त्याचं गोल वळं करतात आणि टाळूवर ठेवतात, तीच मी. चुंबळीला कुणी तिची हकिकत विचारत नाही. ओझं आलं की ती दबते, ओझं उतरलं की बाजूला पडते, एवढंच तिचं आयुष्य. माझं तसं झालं नाही, कारण माझ्या कडेला दिवे आहेत.

माझा जन्म कळंबच्या बाजारपेठेत, शरणबसप्पांच्या सीट कव्हरच्या दुकानात झाला. तिथं मोटारसायकलींच्या सीटा शिवतात, ट्रॉल्यांना रेडियमच्या चकाकत्या पट्ट्या लावतात आणि हौशी ट्रॅक्टरवाल्यांना रंगीत लाइटच्या माळा बसवून देतात. शिवणयंत्रावर राजनंदिनी बसते. बारावी झाल्यावर ती इथं कामाला लागली. गिऱ्हाइकानं चार गोष्टी विचारल्या तर ती एकीचं उत्तर देते, तेही खाली बघून. पण वाकडा गेलेला टाका तिला दुकानाच्या दारातूनसुद्धा दिसतो.

तिची आई कमलबाई ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की त्यांची टोळी ढोकीच्या बाजूला जाते आणि कारखान्याचं गाळप संपेपर्यंत रस्त्याकडेच्या कोप्यांमध्ये, पाचटाच्या झोपड्यांत, राहते. दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायच्या आणि दिवस मावळला की डांबरी रस्त्यानं चालत कोपीकडे यायचं.

मागच्या हंगामात अशाच एका संध्याकाळी मागून जीप आली. कमलबाईंच्या थोरल्या जाऊबाई, दगडाबाई, कडेनं चालल्या होत्या. जीपचं चाक त्यांच्या पावलावरून गेलं. ड्रायव्हर पळून गेला नाही. खाली उतरला, डोक्याला हात लावून रस्त्यातच बसला आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "दिसलंच न्हाय हो, माय. खरंच दिसलंच न्हाय."

दगडाबाई अजून पाय ओढत चालतात. मोळी उचलणं सुटलं, आता त्या वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून बांधतात. राजनंदिनीला त्या माणसाचा संताप आला होता, पण त्याचं बोलणं तिला खोटंही वाटलं नाही. मळकट साडी, त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, वरून पाचटाची धूळ. असं माणूस अंधारात दिसणार कसं? आई दिसलीच पाहिजे, असं तिनं मनाशी ठरवलं. कुणाला सांगितलं मात्र नाही.

माझ्याआधी मला एक थोरला भाऊ झाला. कडक प्लास्टिकची पिवळी टोपी, कपाळावर दिवा, मागं लाल रेडियम. मोठा ऐटबाज होता. कमलबाईंनी तो हौसेनं घातला, त्यावर मोळी घेतली, आणि दोन पावलांतच मोळी टोपीवर भोवऱ्यासारखी फिरली. मोळी एकीकडे पडली, कमलबाई दुसरीकडे. दगडाबाई हसून हसून बांधावर बसल्या.

"अगं पोरी, डोक्यावर ओझं घेणारीला टोपी दिलीस व्हय! फुग्यावर घागर ठिवल्याली कुठं बघितलीस?"

राजनंदिनीचा चेहरा लाल झाला. लहानपणापासून तिनं आईच्या डोक्यावर चुंबळ पाहिली होती आणि नेमकी तीच ती विसरली होती. भाऊ सध्या कोपीत कोंबडीची अंडी सांभाळतो. तो सुखात आहे.

मग माझी पाळी आली. सीटमधल्या फोमचं वळं करून तिनं त्यात वायर घातली. मोळीखाली फोम पापडासारखा चपटा झाला आणि वायर तुटली. तिनं मला उसवलं. फोमच्या जागी सायकलची जुनी ट्यूब आली, तिच्या पोटातून वायर गेली, वरून लुगड्याचा पीळ बसला. मग उसाच्या पात्यानं माझी कड चिरली. पुन्हा उसवलं. बटणात उसाचा चिकट रस गेला आणि बटण दाबलेलं वर येईना. पुन्हा उसवलं.

शरणबसप्पा गल्ल्यावरून सगळं बघत होते. "एवढा जीव बुलेटच्या सीटला लावला असतास, तर आपलं दुकान आज धाराशिवात असतं."

"सीटवर बसणाऱ्याला गाडीचा दिवा असतोय, अप्पा," ती म्हणाली. त्या आठवड्यात एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून दुसरं निघालं नव्हतं. शरणबसप्पांनी रेडियमचा गुंडाळा तिच्याकडे सरकवला.

शेवटी मी उभी राहिले. बाहेरच्या कडेला लाइटचे बारीक मणी, खाली रेडियमची पट्टी आणि मानेकडच्या बाजूला जुन्या मोबाईलच्या बॅटरीची चपटी पिशवी. टोळीतल्या सगळ्या बायकांसाठी तिनं माझ्या बहिणी शिवल्या आणि दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी स्कुटीवर घालून आम्हाला उसाच्या फडात आणलं.

काय सांगू तो दिवस! कमलबाईंनी मला डोक्यावर ठेवलं, माझ्यावर मोळी आली आणि मी तसूभरही हलले नाही. फळीवर चढताना त्यांचा पाय थरथरला, मी थरथरले नाही. टोळीचे मुकादम वैजनाथ कौतुकानं म्हणाले, "काय कमलवहिनी, दिव्याची चुंबळ! आता आमाला बी एक करा." राजनंदिनी बांधावर उभी राहून नुसती बघत होती. मला वाटलं, जिंकलो आपण.

दिवस मावळला, ट्रॉली भरून गेली. राजनंदिनीला आम्ही लांबून कशा दिसतो ते बघायचं होतं. ती स्कुटी घेऊन पुढं गेली. कालव्याच्या पुलापलीकडून ती वळून परत येणार होती.

इकडे बायकांनी तोंडावर पाणी मारलं आणि रोजच्या सवयीनं चुंबळ डोक्यावरून काढून कमरेला खोचली. वर पदर आला. माझे दिवे लागलेले होते, पण ते कमलबाईंच्या कमरेपाशी, साडीच्या घड्यांत. बाहेर काळा रस्ता होता आणि त्यावर काळ्या आकृत्या.

एकदम ब्रेक किंचाळला. बायका ओरडल्या. मी कमलबाईंच्या कमरेवरून निसटून रस्त्यावर पडले आणि माझ्याच उजेडात मला स्कुटीचं पुढचं चाक दिसलं. ते कमलबाईंच्या पायाला जवळजवळ टेकलं होतं. स्कुटीवर राजनंदिनी होती.

"आई! म्या... मला दिसलाच न्हाईत तुमी. म्या लांब दिवे बघत होते. वाटलं, तुमी निघालाच न्हाईत अजून."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. तिला हँडल सोडवेना. कमलबाईंनीच येऊन तिची बोटं सोडवली.

"डोक्यावर का न्हाय ठिवली?" तिनं रडत विचारलं.

"आता?" कमलबाईंना प्रश्नच कळला नाही. "ओझं उतरल्यावर चुंबळ कशाला डोक्यावर?"

"रिकाम्या डोक्यावर चुंबळ घिऊन गावातनं गेलो, तर लोक म्हणतील, बायांची ओझ्याची हौस अजून फिटंना," दगडाबाई म्हणाल्या. बाकीच्या हसल्या.

कमलबाई हसल्या नाहीत. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "दिसभर मोळी असती, राजू. एवढ्या वाटंवरच डोकं जरा मोकळं असतंय. तेवढं तरी ऱ्हाऊ दे की गं."

मी ओझ्यासाठी जन्मले होते, आणि मला बघून कमलबाईंना ओझंच आठवत होतं. माझं नावच मला आडवं आलं.

राजनंदिनी स्कुटी ढकलत त्यांच्यासोबत चालू लागली. मला तिनं हँडलला अडकवलं होतं, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. एक ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, वाऱ्यानं बायकांचे पदर उडाले, सगळ्यांचे हात डोक्याकडे गेले. गाव आलं, पारावर माणसं बसली होती, पुन्हा हात डोक्याकडे. एका हातात कोयता, दुसऱ्यात पाण्याची बाटली. तरी कमलबाई बाटली काखेत धरून पदर सारखा करत होत्या. घसरला की पुन्हा. राजनंदिनीनं स्कुटी थांबवली. आईच्या त्या हाताकडे ती बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच तिनं मला उसवलं. या वेळी पार दोन तुकडे केले. लुगड्याचा पीळ आणि ट्यूब वेगळी झाली, तेवढी चुंबळ राहिली. दिवे, रेडियम आणि बॅटरी घेऊन मी एका मऊ, लवचीक पट्टीवर गेले. ही पट्टी पदरावरून डोक्याभोवती बसते. मोळी घ्यायची तेव्हा चुंबळ पट्टीच्या आत टाळूवर बसते, ओझं उतरलं की ती काढायची आणि कमरेला खोचायची. पट्टी मात्र जागेवर राहते, कारण तिनं पदर धरलेला असतो. मी चुंबळ म्हणून जन्मले, पण माझा जीव आता त्या पट्टीत आहे. माझ्या बहिणीही तिनं गोळा करून आणल्या होत्या, त्यांचंही तसंच केलं.

पुढच्या सुट्टीला आम्हाला घेऊन फडात आल्यावर राजनंदिनीनं आईला दिव्यांबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "हे लावून बघ. पदर घसरतोय का सांग."

कमलबाईंनी लावलं. वाकल्या, उठल्या, मान हलवली. जोराचा वारा आला. हात सवयीनं वर गेला आणि रिकामाच खाली आला.

"बाई," त्या जाऊबाईंना म्हणाल्या, "ऱ्हायलाय की पदर!"

दगडाबाईंनी लगेच आपली लावली. "ह्याला आता चुंबळ म्हणू नगा गं. पदरपट्टी म्हणा."

त्या संध्याकाळी कुणीही मला काढून खोचलं नाही. आम्ही ओळीनं रस्त्याला लागलो. पारावर मुकादम वैजनाथ बसले होते. "काय वरात निघाली का काय?" त्यांनी टोमणा मारला.

"व्हय, मुकादम. जेवायला या, पर आहेर आणा," दगडाबाई म्हणाल्या आणि लंगडत, पण ताठ मानेनं पुढं गेल्या.

मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा. तो बराच लांब असतानाच त्याचा वेग उतरला. ड्रायव्हरनं गाडी दुसऱ्या कडेला घेतली आणि आम्हाला ऐसपैस वाट ठेवून तो निघून गेला. कमलबाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. त्या आपल्या भाजीला काय करायचं ते बोलत होत्या. राजनंदिनी पुलावर थांबली होती. ती फक्त हसली.

पण मी काही देवीचा नंदादीप नव्हे. थंडीत माझी बॅटरी लवकर उतरते. चार दिवसांपूर्वी, ज्याच्यावर आम्ही रोज चार्ज होतो त्या कोपीवरच्या सोलरचं काहीतरी बिघडलं, आणि आमच्यापैकी एकीलाही चार्जिंग मिळालं नाही. काम आटोपलं, कमलबाईंनी माझं बटण दाबलं. मी लागले नाही. धुकं उतरायला लागलं होतं, आणि धुळीनं भरलेलं माझं रेडियम तेवढ्याला पुरणारं नव्हतं.

"चला की वहिनी," वैजनाथ म्हणाले. "एक दिवस दिवा न्हाय लागला तर काय हुतंय? आधी काय दिवे लावून जात हुता?"

मला वाटलं, आता मला काढून पिशवीत टाकतील. कमलबाईंनी मला पदरावर नीट बसवलं आणि त्या बांधावर खाली बसल्या.

"न्हाय यायच्या आमी."

"म्हंजी?"

"म्हंजी हितंच बसणार. आधी जात हुतो, तवा आमच्या बाईचा पाय गेला. आता दिव्याबिगर डांबरीवर पाय ठिवायचा न्हाय."

दगडाबाई त्यांच्या शेजारी बसल्या. मग एकेक करून सगळ्या. मुकादमांनी समजावलं, चिडले, येरझाऱ्या घातल्या. कुणी हललं नाही. कमलबाईंचा आवाज एकदाही चढला नाही. लेकीचा शांतपणा कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं.

अखेर वैजनाथांनी रिकामा ट्रॅक्टर आणवला. तो पुढचे-मागचे सगळे दिवे लावून आमच्या मागून चालला, बायकांच्या पावलाच्या वेगानं, दगडाबाईंच्या लंगड्या पावलाच्या वेगानं. ड्रायव्हर कंटाळून जांभया देत होता. मुकादम मडगार्डवर बसले होते. मागून येणाऱ्या गाड्या थांबत, वळसा घेत आणि पुढं जात.

दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हाती आम्हाला कळंबला पाठवलं. आता मी पुन्हा उसवलेली, शिवणयंत्रावर पडले आहे. राजनंदिनी मला जादा बॅटरीसाठी दुसरा खिसा शिवते आहे आणि रेडियम रुंद करते आहे, म्हणजे दिवा गेला तरी गाडीच्या उजेडात मी चमकेन. टाके उसवताना आता मला काही वाटत नाही. दर वेळी मी थोडी बरी होऊनच बाहेर येते.

गाळप संपायला अजून अवकाश आहे. या दिवसांत तुम्ही संध्याकाळी ढोकीच्या बाजूनं गाडी घेऊन निघालात, तर वेग आवरा. सगळ्याच टोळ्यांच्या डोक्यावर माझ्या बहिणी नाहीत. जिथं उजेड दिसत नाही, तिथंही माणसं चालत असतील, असं धरूनच चाला.

माझ्यासाठी आत्ताच निरोप आला आहे. शरणबसप्पांनी फोन घेतला आणि हसतच राजनंदिनीला सांगितलं, "तुझी आई म्हणतीय, घाई नगं, नीट शिव. तवर मुकादमाचा ट्रॅक्टर हाय आमच्या मागं."