तिर्रीची खूण

"पत्ते घरीच राहिले," नेरिओ म्हणाला.

मेस्त्रेला गाडी बदलून आम्ही नुकते कुठे टेकलो होतो. माझ्या नवऱ्याने, लेआर्कोने, सवयीप्रमाणे मधलं टेबल रुमालाने पुसून तयार ठेवलं होतं. तो रुमाल हातात तसाच धरून नेरिओकडे बघत राहिला. एकोणीस वर्षं झाली, दर ऑक्टोबरात आम्ही चौघं शनिवार-रविवार धरून कुठल्या तरी शहरात जातो, आणि पत्ते नेरिओच आणतो. लुक्काला जाताना आमची मैत्रीण इओले तिची औषधं विसरली होती. मान्तोव्हाला तर मी घरातल्या सपाताच घालून पोचले होते. पत्ते मात्र कधी राहिले नव्हते.

त्रिएस्तेत काय पत्ते मिळत नाहीत का, उतरलो की एक जोड घेऊ, असं लेआर्को म्हणाला. राहू दे, या खेपेला शहर बघू, असं नेरिओने खिडकीबाहेर बघत सांगितलं. यावर इओलेला हसू आलं, कारण एकोणीस शहरांत आम्ही शहर असं बघितलेलं फारच थोडं. आम्ही कॅफे बघितले. कोपऱ्यातलं टेबल, चार खुर्च्या, आणि रविवारी परत गावी उतरलं की हरलेल्या जोडीने जिंकलेल्यांच्या बॅगा घरापर्यंत वाहून न्यायच्या. इओलेचं केस कापण्याचं दुकान आहे, त्यामुळे ती दगड भरल्यासारखी बॅग आणते. मुद्दाम आणते, मला पक्कं ठाऊक आहे.

नेरिओ विसरला यावर माझा विश्वास बसला नव्हता. पाणी उपसायच्या पंपांवर छत्तीस वर्षं काढलेला माणूस तो. आमचा सगळा मुलूख समुद्राच्या पातळीखाली, नदीच्या मुखाशी. पंप थांबले तर आमच्या स्वयंपाकघरांत मासे फिरतील. रोज कामावरून निघताना नेरिओ नटबोल्ट आवळायचे पाने मोजायचा. सत्तावीस. पंपाच्या अंगावर तळवा ठेवून सांगायचा की याचं बेअरिंग महिनाभरात जाणार, आणि ते जायचंच. लग्न केलं नाही. आधी आई अंथरुणावर होती, ती गेली तोवर लग्नाचं वय निघून गेलं होतं. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी सायकलवरून जाऊन फाटकाबाहेर दोन मिनिटं उभा राहतो, आवाज ऐकतो आणि परत येतो. असा माणूस पत्ते विसरेल?

फेब्रुवारीत एका सकाळी तो उठला तर तोंडाची डावी बाजू लुळी पडलेली. डावा डोळा नीट मिटेना, कॉफी ओठांतून खाली यायला लागली, सगळं तोंड उजवीकडे ओढलं गेलं. डॉक्टर म्हणाले, सुधारेल बहुतेक. आठ महिने झाले.

इथे खेळाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या खेळात पत्ते चाळीस, रंग चार: नाणी, पेले, तलवारी आणि दांडकी. समोरासमोर बसणारे दोघं जोडीदार. बोलायला बंदी, पण तोंडाने खुणा करायला मुभा. हातात हुकमाचा एक्का असला तर ओठ आवळायचे, राजा असला तर डोळे वर, गुलाम असला तर जिभेचं टोक दाखवायचं. एक्क्याच्या खालोखाल मान तिर्रीचा, आणि तिर्रीची खूण म्हणजे तोंड एका बाजूला वाकडं करायचं. जोडीदाराने खूण टिपायची, आणि समोरच्यांनी ती चोरून बघितली तर तो त्यांचा हक्क. मी नेरिओची जोडीदार, लेआर्को इओलेचा. नवराबायको एका बाजूला बसले तर घरी आठवडाभर अबोला, हे आम्ही पहिल्याच वर्षी ओळखलं होतं.

मार्चमध्ये गावातल्या बारमध्ये कोणीतरी मोठ्याने म्हणालं, नेरिओचं बरं आहे बुवा, त्याच्याकडे आता कायमची तिर्री. सगळा बार हसला. मीही हसले. लपवण्यात अर्थ नाही, मी हसले. नेरिओने कॉफी अर्धी ठेवली, टोपी घातली आणि गेला. त्यानंतर तो बारमध्ये आला नाही. त्रिएस्तेला यायला इओलेने त्याला कसं तयार केलं ते तिचं तिलाच माहीत.

त्रिएस्तेत शनिवारी सकाळी वारा सुटला. तिथला वारा म्हणजे साधं प्रकरण नाही. आम्ही समुद्रात शिरलेल्या दगडी धक्क्यावर चालत होतो आणि चौघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकं लाल, तोंडं वेडीवाकडी. त्या धक्क्यावर नेरिओचं तोंड कोणाहून वेगळं दिसत नव्हतं, आणि मला वाटतं, तेवढा तासभर तो मजेत होता. दुपारी मात्र उकडलेलं डुकराचं मांस आणि मोहरीची चटणी समोर आली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि रुमाल ओठाला लावून एकेक घास खाऊ लागला. मी माझ्या ताटात बघत जेवले. मी शाळेच्या स्वयंपाकघरात बत्तीस वर्षं काढली आहेत. कोणी नीट खात नसेल तर त्याच्याकडे बघायचं नाही, म्हणजे तो खातो, एवढं मला कळतं. मार्चपासून मी तेच करत आले होते. त्याच्याशी बोलताना टोपीकडे बघायचं, नाहीतर हातांकडे. मला वाटत होतं, हे माझं शहाणपण.

जेवून बाहेर आलो तर माझी शाल वाऱ्याने ओढून नेली, ट्रामच्या तारांवरून पार कुठे गेली कोण जाणे. लेआर्को आणि इओले तिच्यामागे धावले, बहुतेक शालीपेक्षा धावायची हौस म्हणून. नेरिओने आपला कोट काढून माझ्या खांद्यांवर टाकला. नको नको म्हणत मी गारठलेले हात खिशांत घातले, आणि उजव्या खिशात पत्त्यांची जोड हाताला लागली. चाळीस पत्ते, त्यांना गुंडाळलेलं तेच जुनं लाल रबर.

मी त्याला हाताला धरून एका भिंतीच्या आडोशाला बाकावर बसवलं. जोड बाहेर काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, हे काय. तो बराच वेळ रबराशी चाळा करत राहिला.

"तू दुसरा कोणी बघ जोडीला," तो म्हणाला. "माझ्या खुणा गेल्या, जेम्मा. ओठ आवळत नाहीत, आणि तिर्री तर काय, सदाचीच आहे."

मी घाईघाईने म्हटलं, आपण नव्या खुणा ठरवू, बोटांच्या, भुवयांच्या, कसल्याही. बोलताना मी पत्त्यांकडे बघत होते.

"खुणांचं काही नाही गं. त्या मी कशाही करीन. पण तू बघतच नाहीस माझ्याकडे. मार्चपासून एकदाही बघितलं नाहीस. लोक हसले त्याचं मला एवढं वाटलं नाही. जोडीदारच तोंडाकडे बघत नसेल, तर मी खूण करायची कोणाला?"

बत्तीस वर्षं पोरांना जेवायला घातल्याचा माझा तोरा तिथेच उतरला. मी मान वर केली. खरं सांगते, सोपं नव्हतं. डावा गाल लोंबलेला, पापणी खाली ओघळलेली, ओठाच्या कोपऱ्यात मोहरीचा पिवळा डाग. मी बघत राहिले. थोड्या वेळाने तो डाग आणि तो गाल बाजूला राहिला आणि नेरिओ दिसायला लागला. मग मी म्हटलं, मार्चमध्ये मीही हसले होते. तो म्हणाला, माहीत आहे, तुझं हसणं बाराजणांत ओळखू येतं.

संध्याकाळी पाचला कॅफेतल्या कोपऱ्यात आम्ही बसलो. पत्ते सापडले एवढंच मी सांगितलं. लेआर्कोने कुठे सापडले ते विचारलं नाही. त्याने टेबल पुसलं आणि पिसायला घेतलं.

आम्ही दोन डाव हरलो, दोन जिंकलो. मी नेरिओच्या तोंडावरून नजर काढली नाही. राजाची खूण त्याने एका डोळ्याने केली, ती मी टिपली. एक्क्याच्या वेळी ओठ अर्धेच आवळले गेले, तीही टिपली. इओले आणि लेआर्को मात्र, माझ्या लक्षात आलं, नेमके त्याच वेळी कपात बघत होते. नेरिओच्याही लक्षात आलं असणार. त्याचे खांदे पुन्हा पडायला लागले. मला लेआर्कोला टेबलाखालून लाथ मारावीशी वाटली, पण आमच्या खेळात लाथ मारायला बंदी आहे.

पाचवा डाव. शेवटचे तीन-तीन पत्ते हातात, आणि ज्याचा हा डाव त्याचं सगळं. हुकूम नाण्यांचा. इओलेने तलवारींचा हलका पत्ता टाकला आणि माझी पाळी आली. माझ्याकडे पेल्यांचा एक्का होता, अकरा गुणांचा. नेरिओने मागून हुकूम मारला तरच तो टाकण्यात अर्थ होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याने पत्ते टेबलावर पालथे ठेवले, सावकाश डावा हात वर नेला, लुळ्या गालावर बोट ठेवलं आणि तोंड डावीकडे ओढून धरलं. उजवीकडे ओढलं गेलेलं ते तोंड ओढता ओढता मध्यावर आलं आणि सरळ झालं. सगळ्या जगाची तिर्री तोंड वाकडं करून होते, त्याची सरळ करून झाली. एवढ्याशा वेळात फेब्रुवारीच्या आधीचा नेरिओ माझ्यासमोर बसला होता, जसाच्या तसा. मी एक्का टाकला.

लेआर्कोचा हात एका साध्या पत्त्यावर गेला होता. तो थांबला. त्याने नेरिओकडे बघितलं, सरळ तोंडाकडे, चांगलं निरखून. मग तो पत्ता मागे घेतला आणि हुकमाचा एक्का टेबलावर असा आपटला की कप वाजले.

"तिर्री आहे याच्याकडे," लेआर्को म्हणाला. "मला काय आंधळा समजतोस काय रे, चोरा?"

नेरिओने गाल सोडला. तोंड पुन्हा उजवीकडे गेलं, आणि तो हसायला लागला. अर्ध्या तोंडाने, डोळ्यातून पाणी, ओठातून लाळ, पण आठ महिन्यांत पहिल्यांदा पोटापासून. हरामखोर, म्हणाला, एकोणीस वर्षं झाली तरी चोरून बघायचं सोडत नाहीस. चार गुणांनी आम्ही हरलो. रात्री खोलीत मी लेआर्कोची उशी नीट करून दिली. त्याने कारण विचारलं नाही.

रविवारी दुपारी गावच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं. नेरिओने इओलेची बॅग उचलली, या खेपेला तिच्यात त्रिएस्तेची कॉफीही भरलेली, आणि दुसऱ्या हातात स्वतःची घेतली. लेआर्कोची माझ्याकडे. जिंकलेले दोघं हात हलवत, शीळ घालत पुढे निघाले.

कालव्याच्या पुलावर नेरिओ थांबला. दोन्ही हात अडकलेले, आणि ओठाच्या कोपऱ्यातून एक धार हनुवटीवर आलेली. तो बॅगा खाली ठेवेल आणि पाठ फिरवून तोंड पुसेल असं मला वाटलं. त्याने ठेवल्या नाहीत. तो वळून माझ्यासमोर उभा राहिला.

"जेम्मा, खिशातून रुमाल काढ."

मी त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला. रुमालाला पत्ते चिकटूनच होते. मी रुमाल काढला आणि त्याच्याकडे बघत त्याची हनुवटी पुसली, मग ओठाचा कोपरा. तो मान उंच करून स्थिर उभा राहिला. पलीकडून पंपांचा आवाज येत होता. थोडा वेळ त्याने तो ऐकला, ठीक चाललंय म्हणाला, आणि इओलेची बॅग सावरत पुढे चालायला लागला.