बघा, पण दाबू नका

माझे वडील शेषेराव, आमचे अप्पा, लोह्याजवळच्या आमच्या गावात बरीच वर्षं दूध डेअरीचे चेअरमन होते. शंभर माणसं कामाला लावायची म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. निम्मा माझ्यामुळे झाला, पण ते मला फार उशिरा कळलं.

माझी धाकटी बहीण सुकन्या दातांची डॉक्टर. नांदेडला भाग्यनगरात तिनं दवाखाना टाकला आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. शिकलेल्या पोरी आमच्या भावकीत बऱ्याच आहेत, स्वतःची पाटी लावलेली ही पहिली. तिनंच स्वतःला वर्षाची मुदत घातली होती. तोवर पेशंट लागले तर ठीक, नाहीतर पाटी उतरवायची आणि दोन गल्ल्या सोडून असलेल्या बारा शाखांच्या साखळी दवाखान्यात नोकरी धरायची.

हल्ली दात ठणकला की माणूस शेजाऱ्याला विचारत नाही, फोनला विचारतो. म्हणून सातव्या महिन्यात मी गुगलवर तिची जाहिरात सुरू करून दिली. मी, हरिओम, लातूरला एका कॉलेजात क्लार्क आहे. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजची जाहिरात मीच टाकतो, त्यामुळे यातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. पहिल्या आठवड्यात ‘नांदेड डेंटिस्ट’ टाकलं की साखळीवाल्यांच्या खाली लगेच सुकन्याचं नाव यायचं. पाच नवे पेशंट आले. फोनवर ती कितीतरी दिवसांनी हसली आणि मला फार बरं वाटलं.

त्या आनंदात मी अप्पांना सांगून बसलो, की कुणी जाहिरातीवर बोट दाबलं की आपल्याला पैसे पडतात.

झालं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी डेअरीवर दूध घालायला येणारा प्रत्येक जण कामाला लागला. फोन काढायचा, ‘नांदेड डेंटिस्ट’ टाकायचं, आपल्या पोरीचं नाव कितवं आहे ते बघायचं आणि भावकीच्या ग्रुपवर फोटो टाकायचा. अप्पांची सक्त ताकीद होती, “बघा, पर दाबू नका. पोरीचं नुकसान व्हतंय.” माझी चुलती पारूबाई, तिला लिहिता-वाचता येत नाही, तर ती फोनमध्ये बोलून शोधायची आणि नातीकडून नंबर वाचून घ्यायची.

पंधरा दिवसांत नाव चौथ्यावर गेलं. मग पानाच्या तळाला.

“हरिओम, नाव खाली घसरून राहिलंय रे,” अप्पांचा फोन आला.

मी बोली, म्हणजे एका दाबण्यामागे गुगलला द्यायची रक्कम, वाढवली. उपयोग शून्य. अप्पांनी मग भजनी मंडळाला लावलं, नायगावच्या सोयऱ्यांना लावलं. रोज सकाळी दोन-तीनशे माणसं माझ्या बहिणीला शोधत होती आणि तिच्या दवाखान्यातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मुदतीला वीस दिवस राहिले तेव्हा कुठं मला अक्कल सुचली. लातूरला पुनम नावाची मुलगी ट्युशनवाल्यांच्या जाहिराती सांभाळते, तिच्याकडे गेलो. तिनं आकडे उघडले आणि कपाळाला हात लावला.

“सर, ही एवढी माणसं बघून राहिलीत आन् कुणीच दाबत न्हाई. कोण हायत ही?”

“आमचीच आहेत.”

“अहो, प्रत्येक शोधाला वरच्या जागेचा लिलाव होतो, पण नुसती बोली मोठी म्हणून कुणी वर जात नसतंय. लोक ही जाहिरात दाबतील का, दाबल्यावर कामाचं पान उघडतंय का, हे बी तोलत्यात. बघून बघून कुणी दाबतच नसंल, तर गुगलनं काय समजायचं? ह्या डॉक्टरची कुणाला गरज न्हाई, असंच ना? आन् जो रोज बघून सोडून देतो, त्याला तर ती दिसायचीच कमी होते.”

“आता सुधारेल का?”

“सगळ्यांना थांबवा. दोन-तीन महिन्यांत सुधरंल.”

दोन-तीन महिने कुणाकडे होते? पाटी उतरली. सुकन्या साखळीत रुजू झाली. मला एवढंच म्हणाली, “दादा, जाहिरात बंद कर.”

त्या रविवारी मी गावी गेलो. अप्पा म्हणाले, “आमी तर एक दिस चुकलो न्हाई. रोज बघितलं.” माझं डोकं सटकलं. म्हणालो, “त्यानंच बुडालं! तुम्हीच बुडवलं!” आणि पुनमनं सांगितलेलं सगळं त्यांच्या तोंडावर फेकलं. दाबलं की पैसे पडतात हे अर्धवट ज्ञान त्यांना कुणी दिलं, ते तेवढं गिळलं. आजही त्याची लाज वाटते.

अप्पांनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाले, “मंजी त्या मशिनीला आमी गिऱ्हाईक वाटलो?”

“हो.”

“आन् आमाला ही डॉक्टर नको, असं वाटलं त्याला?”

“हो, अप्पा.”

महिन्याभरानं त्यांची दाढ सुजली. लोह्यात दाखवू म्हटलं तर ऐकेनात. दाखवीन तर पोरीलाच. सुकन्याचा फोन कामाच्या वेळी बंद असतो. शेवटी त्यांनी स्वतःच फोन काढला, शोधलं आणि सगळ्यात वरच्या जाहिरातीवर बोट दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा. फोन थेट साखळीवाल्यांकडे लागला आणि तिकडून एका मुलीनं उचलला.

“डॉक्टर सुकन्याला दाखवायचंय,” अप्पा म्हणाले.

“काका, आमच्याकडे नावानं डॉक्टर मिळत नाही. जे मोकळे असतील ते बघतील. चालेल ना?”

अप्पांनी सुजलेल्या गालावर हात ठेवला.

“चालंल,” ते म्हणाले. “कुणीबी चालंल.”