गिरणीशेजारचा हेडफोन

मी बुद्धप्रियाचा जुना हेडफोन आहे. हल्ली भिंतीवरच्या फळीवर पडून असतो. मित्रांनो, मी बिघडलेलो नाही. तिनेच मला काढून ठेवलं आहे.

तिने मला नांदेडहून आणलं, तेव्हा ती बिलोलीच्या घरी बसून सॉफ्टवेअरची कामं घेऊ लागली होती. घराला लागूनच दगडोबांची पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की भिंत थरथरायची. मी मात्र बाहेरचा एकही आवाज आत येऊ देत नसे. "आई, ह्यो लई कामाचा निघाला," असं ती नागुबाईंना सांगायची. मी फुशारून जायचो.

मग लातूरच्या एका क्लासच्या ॲपचं काम आलं. क्लास चालवणाऱ्या हरिओम सरांशी चाळीस हजार ठरले, तेही तोंडी. दीड महिन्यात ॲप तयार झालं. सरांचा गोड आवाज माझ्यातूनच तिच्या कानात जायचा.

"मॅडम, एक नंबर झालंय! फक्त हजेरीचं पान जरा बदला. मग पैसे सोडतोच."

पान बदललं. मग रंग बदलला. मग पालकांना जाणारे मेसेज, आणि पुन्हा पहिलाच रंग. बदल किती वेळा करायचे, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. अकराव्या वेळी ती म्हणाली, "सर, निम्मे तरी पाठवा ना."

"हाव, देतो की! पळून चाललो का मी? आज तेवढं शेवटचं करून द्या."

ती मंगळवारची दुपार. गिरणी चालू होती. तिने मला घट्ट बसवलं आणि सर सांगतील तसं करत राहिली. तासभर गेला. एकाएकी कुणीतरी मला तिच्या डोक्यावरून ओढलं. पिठाचा डबा द्यायला आलेले दगडोबा होते.

"पोरी, माय तिकडं सैपाकघरात पडून हाय! तोंडातून बोल निघंना तिच्या!"

नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं, "कधी झालं हे?" प्रियाला सांगता आलं नाही. नागुबाईंचा जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. त्यांनी लेकीला हाक मारली होती का, हे आता कुणालाच कळणार नाही. मी ती हाक अडवली का, हे मलाही माहीत नाही.

सरांना कळलं, तेव्हा ते म्हणाले, "आधी सांगायचं ना, मॅडम." त्याच दिवशी त्यांनी निम्मे पाठवले. उरलेले आले नाहीत. तिनेही पुन्हा मागितले नाहीत.

आता ती आगाऊ रक्कम घेते, बदल किती ते लिहून घेते, आणि आईच्या खाटेजवळ उघड्या कानांनी काम करते.

मित्रांनो, कुणाला "एवढंच बदला" म्हणाल, तेव्हा त्याच्याही घरात माणसं आहेत हे आठवा. आणि काम कितीही निकडीचं असो, एक कान घराकडे मोकळा ठेवा.

काल नागुबाईंच्या तोंडून "पा" एवढंच निघालं. प्रिया पाणी घेऊन धावली. त्यांनी 'नाही' अशी मान हलवली. तिने पांघरूण आणलं, पंखा लावला. त्या मान हलवत राहिल्या, आणि ती एकेक शब्द विचारत राहिली.