गहू आणि पाणी

“आधी भांडण उंबऱ्याबाहेर ठेवून ये, मग पिठाला हात लाव.”

आई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी भट्टीच्या खोलीत शिरताना तिचा हा आवाज मला ऐकू येतो. चर्चमधल्या मिस्सेत फादर वेदीवर ज्या पांढऱ्या, पातळ चकत्या उचलून धरतात आणि प्रार्थनेचे शब्द म्हणून ख्रिस्ताचं शरीर म्हणून लोकांच्या जिभेवर ठेवतात, त्या आमच्या घरी होतात. गव्हाचं पीठ आणि पाणी, बस. मीठसुद्धा नाही. पीठ पातळ कालवायचं, तापलेल्या लोखंडी साच्यात ओतायचं, आणि क्रूस उमटलेला पापड निघाला की रात्रभर ओलसर खोलीत ठेवायचा. घाई केली तर कापताना काचेसारखा फुटतो. एवढंच आमचं शास्त्र, आणि त्या एका रात्रीच्या थांबण्याचाच आमच्या दादाला कंटाळा आला होता.

भट्टी दादाच्या नावावर, हात माझे. मी लग्न केलं नाही. रोजचे नेम हाच माझा संसार: पहाटेची मिस्सा, संध्याकाळी रोझरीची जपमाळ आणि दुपारची घंटा होईपर्यंत मौन. त्यात माझा आवाज मुळातच बारीक. वहिनी म्हणते, “आमच्या वन्सं बोलल्या काय नि मांजर चाललं काय, सारखंच.”

त्या शनिवारी दुपारची घंटा झाली, प्रार्थना म्हटली आणि मी भट्टीत गेले. टेबलावर भरलेले डबे होते. शेजारी कॉर्नफ्लोरची पिशवी, अर्धी रिकामी, आणि साखरेची बरणी. खुर्चीत टायवाला बसला होता. हा चर्चना मेणबत्त्या, धूप आणि द्राक्षारस पुरवायचा. भर उन्हातही टाय सोडायचा नाही, म्हणून वहिनीनं हे नाव पाडलेलं.

“या ताई, या!” तो म्हणाला. “दादांनी कमाल केलीय.” त्यानं एक चकती बोटांत दाबली. ती मोडली नाही. “रात्रभर थांबायला नको, फुटायला नको. वर चवीलाही बरी.”

“दादा, हे काय घातलंस?”

“चिमूटभर आहे गं.”

“चिमटीत अर्धी पिशवी मावली?”

दादा साचा पुसत राहिला. पुसायला त्यावर काही नव्हतं.

टायवाल्यानं खुर्ची पुढे ओढली. सगळ्या चर्चचं काम आम्हालाच मिळणार होतं. नवी यंत्रं तो देणार, घरावर मजला चढणार, वहिनीला चुलीपाशी उभं राहायला नको. “तुम्ही फक्त एक करायचं, ताई. फादर मला विचारतात, चकत्या कुणी केल्या? तुमचं नाव सांगितलं की पुढे प्रश्नच येत नाही. उद्या कुणी तुम्हालाच विचारलं, तर म्हणायचं, आईच्याच पद्धतीनं केल्यात. एवढंच.”

म्हणजे त्याला चकत्या नकोच होत्या. तो माझं एक वाक्य विकत घ्यायला आला होता.

“गव्हात दुसरं काही मिसळलं,” मी म्हटलं, “की फादरांचे शब्द खरे राहतात, पण भाकर खोटी होते. माणसं गुडघे टेकून देवाला घ्यायला येतील आणि आपण त्यांच्या जिभेवर बिस्किट ठेवणार. ‘आईच्या पद्धतीनं’ हे मी म्हणणार नाही आणि कुणाला म्हणू देणार नाही.”

“ताई, एवढं ताणू नका. बायबलमधला तो शलमोन राजा बघा. त्यानं देवाकडे शहाणपण मागितलं, पण देवानं धनही दिलंच की!”

“दिलं. आणि पुढे त्याचं मन देवापासून फिरलं, तेही त्याच पुस्तकात आहे. अर्धं वाचून येऊ नये.”

तेवढ्यात दारातून वहिनी म्हणाली, “आता कशाला वाद? एक डबा तर सकाळीच गेला आपल्या चर्चमध्ये.”

मी तिच्याकडे वळले. “कुठला डबा?”

“हाच, नवा. चर्चचे म्हातारबा आले होते. मी तुम्हाला विचारलं, फळीवरचा देऊ का? तुमचं मौन! तुम्ही मान हलवलीत. आता माझ्यावर येऊ नका.”

खरं होतं. मी मान हलवली होती. फळीवर माझाच डबा असेल असं मी धरून चालले, आणि दादानं पहाटेच माझ्या चकत्या टाकून तो नव्यांनी भरला होता.

“राहू दे गं,” दादा म्हणाला. “कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना.”

मी फोन उचलला. चर्चची चावी सांभाळणारे म्हातारबा दोन्ही कानांनी अधू. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे गल्लीशी बोलायचं, म्हणून आजवर फोन नेहमी वहिनीच करायची. पलीकडून “कोण?” आलं. मी सांगितलं. पुन्हा “कोण?” आलं. मग मी छातीत श्वास भरला आणि जन्मात ओरडले नव्हते तशी ओरडले.

“सकाळचा डबा वापरू नका! त्यात कॉर्नफ्लोर आहे! साखर आहे! आमच्या भट्टीतून गेलाय!”

समोरच्या इस्त्रीवाल्यानं इस्त्री उचलून धरली. वरच्या मजल्याची खिडकी उघडली. टायवाला उठून दार लावायला धावला, पण दारात वहिनी तोंडाला पदर लावून उभी होती, हसत होती की रडत होती कुणास ठाऊक.

“मग उद्या मिस्सेला काय?” म्हातारबा तिकडून ओरडले.

“उद्याच्या पहिल्या मिस्सेआधी मी दुसऱ्या आणून देते! शब्द देते!”

फोन ठेवला तेव्हा घसा फाटला होता. टायवाला निघून गेला. जाताना टाय मात्र सैल केला. दादाचा चेहरा उतरला होता. मला त्याची दया आली, हेही सांगते. त्याला मजला हवा होता, त्यात पाप नव्हतं.

पण त्यानं साच्याखालची आग बंद केली आणि भट्टीची चावी खिशात घातली. “भट्टी माझी. आज इथे काही भाजायचं नाही. आणि ज्यांच्यासाठी ओरडलीस, त्यांच्याकडेच राहायचं बघ.”

“बघते,” मी म्हटलं. आवाज पुन्हा माझा बारीकच झाला होता, पण या वेळी त्यानं तो ऐकला.

टेकडीवरच्या मठात सिस्टरांकडे एक जुना हातसाचा आहे. लांब दांड्यांचा, जड, एका वेळी दोनच चकत्या काढणारा. त्यांची ओलसर खोलीही आहे. आत्ता निघाले तर दिवस मावळायच्या आत भाजून होईल, आणि रात्र थांबायला मोकळी.

मी स्वयंपाकघरात जाऊन माझ्या हातचं दळलेलं गव्हाचं पीठ पिशवीत भरलं. दुसरं काही घेतलं नाही, अंगावरची साडी तेवढी. वहिनी अजून दारातच होती.

“देवाच्या भाकरीपायी घरची भाकर सोडताय,” ती म्हणाली. “शहाण्या तर तुम्हीच.”

टोमणाच होता. पण ती बाजूला सरली, आणि पिशवीचं तोंड सुटत होतं ते तिनं गाठ मारून बांधून दिलं.

गल्लीत सगळे बघत होते. मी कुणाकडे बघितलं नाही. पिशवी काखेत धरली आणि मठाच्या चढाला लागले.